एकतीस मार्चपर्यंत

दही आणायला गेलेल्या नरेशला सव्वा तास झाला होता, आणि त्याचा मोबाइल फ्रीजवरच राहिला होता.

सुनेत्रा गॅसपाशी उभी राहून कढईतले वडे उलटत होती. वडाभाताचा भात झाला होता, फोडणीचं तेल झालं होतं, अडलं होतं ते कढीवर. बाबांचा ऐंशीवा वाढदिवस म्हणून सासूबाईंनी, रत्नप्रभाबाईंनी, चंदीगडच्या या घरात पहाटेपासून नागपूरच्या पद्धतीचा स्वयंपाक मांडला होता, आणि दही कमी पडतंय हे पावणेबाराला लक्षात आलं. "मी आणतो," म्हणून नरेश उठला तेव्हा सुनेत्राचे हात पिठात होते. ती हात धुऊन बाहेर येईपर्यंत खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दुकान शेजारच्या सेक्टरात. पायी गेलं तरी वीस मिनिटं.

"रविवार आहे, गर्दी असेल," ती म्हणाली. हे ती दुसऱ्यांदा म्हणत होती.

"दह्याला कसली आली गर्दी?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "भेटला असेल कोणी. बोलत उभा राहिला असेल."

नरेश रस्त्यात कोणाशी बोलत उभा राहणाऱ्यांतला नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

सुनेत्राला त्याहून जास्त माहीत होतं. नोव्हेंबरात सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी नरेशला शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं होतं. शहाऐंशीनंतर तो थांबला आणि हसला. मग तपासण्या झाल्या, स्कॅन झाला. अल्झायमर. एक्कावन्नाव्या वर्षी. या वयात फार कमी जणांना होतो, असं डॉक्टर म्हणाले, जणू त्याने काही फरक पडणार होता. परतताना गाडीतच दोघांनी ठरवलं: एकतीस मार्चपर्यंत कोणालाही सांगायचं नाही. आईबाबांना नाही, मुलीला, अवनीला नाही. आसावरीला तर मुळीच नाही.

एकतीस मार्चचं कारण साधं होतं. चार वर्षांपूर्वी औषध कंपनीने नरेशला शेअरचे ऑप्शन दिले होते, म्हणजे तेव्हाच्या भावात शेअर घेण्याचा हक्क. भाव तेव्हापासून कितीतरी चढला होता. पण हक्क नरेशच्या हातात यायचा होता तो येत्या एकतीस मार्चला, आणि त्या दिवशी तो नोकरीत असला तरच. आधी राजीनामा दिला किंवा त्याला काढलं तर काही नाही. सुनेत्रा खासगी शाळेत शिकवायची, तिला पेन्शन नव्हतं. अवनीचं शिक्षण व्हायचं होतं. आणि पुढची दहा-पंधरा वर्षं नरेशला सांभाळायचं तर ते याच शेअरच्या जोरावर.

आणि आसावरीला मुळीच नाही, कारण नरेशची ही धाकटी बहीण एका वकिली फर्ममध्ये होती आणि तिथून त्याच्याच कंपनीचं काम बघायची. पगाराखेरीज नोकरदाराला जे जे मिळतं, ग्रॅच्युइटी, पेन्शन, शेअरचे हक्क, मोठ्या अधिकाऱ्यांचे करार, तेवढंच तिचं काम. ऑप्शनच्या योजनेचे नियमही तिनेच लिहिलेले होते.

"मम्मी, एक बज गया," अवनी दारात आली. "मैं ॲक्टिवा पे देखके आऊं?"

"हो, जा. म्हणजे तू मार्केटकडून जा, मी..." सुनेत्राने गॅस बंद केला.

बाहेरच्या खोलीतून आसावरी उठून आली. तिच्या हातात गाडीची किल्ली होती. "वहिनी, तू थांब. मी जाते."

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. सुनेत्राने गॅस पुन्हा पेटवला.

*

आसावरीला भाऊ सापडला तो मार्केटच्या उलट दिशेला, दोन सेक्टर सोडून. चौक ओलांडल्यावर रस्त्याच्या कडेला, बहाव्याच्या झाडाखाली, गाडी व्यवस्थित लावलेली होती. काचा बंद. नरेश स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता. दह्याच्या पिशव्या शेजारच्या सीटवर होत्या.

तिने काचेवर टकटक केली. तो दचकला नाही. काच खाली करायला मात्र त्याला वेळ लागला.

"गाडी बंद पडली," तो म्हणाला. "बॅटरी गेली असणार."

"उतर. बघते मी."

तिने बसून किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फिरवणीला सुरू झाली. आसावरीने ती लगेच बंद केली.

"अच्छा," नरेश म्हणाला. "झाली वाटतं."

"हो."

"सगळे चौक सारखेच केलेत या लोकांनी." तो चौकाकडे बघत होता. बाबांची इथे बदली झाली तेव्हा नरेश नऊ वर्षांचा होता. आसावरीला सायकल शिकवली ती त्याने, याच रस्त्यांवर. तिला सेक्टरांचे आकडे कसे लागतात ते समजावलं तेही त्यानेच.

तिला एकेक आठवायला लागलं. मागच्या दिवाळीत त्याने अवनीला दोनदा 'आसावरी' म्हटलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. पंधरा दिवसांपूर्वी त्याने एकच गोष्ट विचारायला तिला तीनदा फोन केला होता. कामाचा ताण, असं तिने स्वतःला सांगितलं होतं.

"आसा," नरेश म्हणाला, "तुला एक सांगायचंय. सुनेत्रा नको म्हणते, पण..."

"दादा, नको." ती इतक्या पटकन बोलली की तिचं तिलाच वाईट वाटलं. "मला काही सांगू नकोस. आत्ता नको. उद्या दुपारनंतर काय हवं ते सांग."

"उद्या दुपारनंतर का?"

तेच तिला सांगता येत नव्हतं.

तिच्या लॅपटॉपमध्ये शुक्रवारी पूर्ण केलेला मसुदा होता. कंपनी ऑप्शनच्या योजनेचे नियम सुधारत होती, आणि मसुदा सोमवारी सकाळी पाठवायचा होता. त्यातल्या एका कलमावर तिने महिनाभर घालवला होता. कर्मचारी कायमचा असमर्थ झाला, तर त्याचे सगळे ऑप्शन त्याच दिवशी त्याला मिळतात, ठरलेली तारीख यायची असली तरी. हा कायदाच होता. पण असमर्थ कोणाला म्हणायचं? चार वर्षांपूर्वी, कंपनीच्या सांगण्यावरून, तिनेच लिहिलं होतं: 'कोणतेही काम करण्यास असमर्थ'. म्हणजे माणूस दारावर बसून पासवर शिक्का मारू शकत असेल, तर तो असमर्थ नाही. हे अन्यायाचं आहे असं तिला पुढे वाटायला लागलं होतं. दृष्टी गेलेल्या एका केमिस्टचं प्रकरण तिने पाहिलं होतं. म्हणून या वेळी तिने तिथे लिहिलं होतं: 'स्वतःचे काम करण्यास असमर्थ'. इंग्रजीत एका शब्दाचा फरक. तिने तो कोणासाठी केला नव्हता. शुक्रवारीच पाठवून दिला असता तर प्रश्न नव्हता. एकदा शांतपणे वाचू म्हणून ठेवून दिला.

भाऊ तिथे नोकरीला आहे हे तिने कंपनीला पहिल्याच दिवशी लेखी कळवलं होतं. कंपनीने ते एका अटीवर चालवून घेतलं होतं: भावाबद्दल असं काही खासगीत कळलं, ज्याचा या कामाशी संबंध येतो, तर तिने त्या कामातून बाजूला व्हायचं.

अजून तिला काही कळलेलं नव्हतं. संशय म्हणजे कळणं नव्हे, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते तिला पटत नव्हतं.

"मी तुझी बहीण आहे," ती म्हणाली, "आणि तुझ्या कंपनीची वकीलही आहे. यापुढे नको विचारूस."

नरेशने तिच्याकडे पाहिलं. औषधं तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस. कोणती गोष्ट का थांबवायची असते हे त्याला समजावावं लागत नव्हतं.

"कळलं," तो म्हणाला.

"माझ्या गाडीत बस. ही अवनी घेऊन येईल."

"मी चालवू शकतो."

"माहीत आहे. तरी बस."

तो दह्याच्या पिशव्या घेऊन तिच्या गाडीत बसला. घर येईपर्यंत तो प्रत्येक वळणाआधी हलक्या आवाजात बोलत होता, "आता डावीकडे," आणि प्रत्येक वेळी बरोबर सांगत होता.

*

नरेशच्या वडिलांना, सदाशिवरावांना, जेवणानंतर गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून बसायची सवय होती. जानेवारीत चंदीगडला ऊन म्हणजे चैन. चार दिवस धुक्यात गेल्यावर एक दिवस मिळतं. ते पाण्याच्या टाकीच्या पलीकडे, भिंतीला पाठ लावून बसले होते. सुनेत्रा आणि आसावरी गच्चीवर आल्या तेव्हा त्यांना ते दिसले नाहीत.

जेवताना त्यांचं लक्ष होतं. औक्षण झालं, सगळे पाया पडले, केळीच्या पानाऐवजी स्टीलच्या ताटांत वाढलं गेलं. पण नरेशला कोणी काही विचारलं की उत्तर सुनेत्रा देत होती. आणि आसावरी भावाकडे बघतच नव्हती. ऐंशी वर्षांच्या माणसाला लोक ऐकू येत नाही असं समजून बोलतात. पण न बोललेलंही दिसतं, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

"काय बोलला तो तुझ्याशी?" सुनेत्राचा आवाज.

"काही नाही."

"आसावरी, मला आता एकटीने होत नाही. मला तुझी मदत हवी आहे."

"वहिनी, ऐक. मदत हवी असेल तर आत्ता काही सांगू नकोस. एक दिवस थांब. माझ्यावर विश्वास ठेव."

"दोन महिने थांबलेच आहे मी." सुनेत्रा आता रडत होती. "आज तो दोन सेक्टरांत हरवला. उद्या कारखान्याला जाताना डेराबस्सीच्या रस्त्यावर हरवेल. तू वकिलासारखं बोलू नकोस माझ्याशी."

"वहिनी, प्लीज. नको..."

"त्याला अल्झायमर आहे. नोव्हेंबरात कळलं. बास. सांगितलं."

सदाशिवरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग त्यांना आसावरीचा आवाज आला. इतका थकलेला आवाज त्यांनी तिचा कधी ऐकला नव्हता.

"का सांगितलंस?"

"म्हणजे काय? तू त्याची बहीण आहेस. ते नियम तू लिहिलेस. एकतीस मार्चपर्यंत त्याला कोणी काढू शकणार नाही असं काहीतरी शोध. कुठे एखादी ओळ घाल. तू करू शकतेस ना?"

आसावरी जिन्याच्या पायरीवर बसली. "करू शकत होते," असं काहीतरी ती पुटपुटली, पण ते बहुधा फक्त सदाशिवरावांनीच ऐकलं.

ते उठून टाकीच्या अलीकडे आले. सुनेत्राने घाईने डोळ्यांना पदर लावला.

"सुनेत्रा," ते म्हणाले, "मला एकच सांग. बॅचवर सही कोण करतं?"

तिला प्रश्न कळला. सदाशिवराव तीस वर्षं सरकारी औषध निरीक्षक होते. नरेश हा डेराबस्सीच्या कारखान्यात क्वालिटीचा मुख्य होता. हृदयविकाराची इंजेक्शनं तिथे बनत, आणि त्याच्या सहीखेरीज एकही खोकं फाटकाबाहेर जात नसे.

"तोच करतो ना अजून?"

"हो, बाबा."

"काही चुकलं का आजवर?"

"डिसेंबरात एकदा." ती जमिनीकडे बघत होती. "एका तपासणीचा कागद फायलीत नव्हता, तरी याने सही केली. इंद्रजितने पाहिलं. त्याच्या हाताखालचा आहे. त्याने गुपचूप फाइल परत आणून दिली. माल गेला नव्हता, बाबा. काही झालं नाही."

"इंद्रजितने पाहिलं म्हणून झालं नाही."

"आता फक्त अकरा आठवडे उरलेत."

"अकरा आठवड्यांत किती बॅच निघतात, माहीत आहे का तुला?"

रत्नप्रभाबाई वाळवणाचा पंचा खांद्यावर टाकून जिन्यात येऊन थांबल्या होत्या. कधीपासून, कोण जाणे. त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं ऐकलेलं दिसत होतं. त्या पायरी चढून सुनेत्राशेजारी येऊन उभ्या राहिल्या. वीस वर्षांत सासू-सुनेचं मीठ किती यावरसुद्धा एकमत झालं नव्हतं.

"तुम्ही काय बोलून राहिले?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ती एकटी ओढून राहिली आहे दोन महिन्यांपासून. तो इंद्रजित आहे ना तपासायला? मग अकरा आठवडे तपासू द्या त्याला. पोराच्या हातचं जाऊ देऊ नका."

"रत्ना, ते इंजेक्शन आहे."

"आणि तो माझा मुलगा आहे."

सदाशिवरावांनी मुलीकडे पाहिलं. ती एका शब्दाने आपल्या बाजूने बोलेल असं त्यांना वाटलं होतं. तिने मान वर केली नाही. तेव्हा प्रथमच त्यांच्या मनात आलं की तिच्याजवळ काहीतरी आहे, जे ती इथे कोणालाच सांगू शकत नाही, आणि ते आपल्याला कधीच कळणार नाही.

*

खाली नरेश पलंगाच्या कडेवर बसून होता. वर काय चाललंय ते त्याला माहीत होतं. सुनेत्रा आसावरीला घेऊन जिन्याकडे वळली तेव्हाच तो समजला होता, आणि त्याने तिला थांबवलं नव्हतं. हे बरोबर केलं की चूक, ते ठरवायला जी शांतता लागते ती हल्ली त्याला फार वेळ मिळत नसे.

अवनी आली. तिने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. तिचे डोळे लाल होते.

"मैं सीढ़ियों पे थी, आजी के पीछे," ती म्हणाली. "सुन लिया सब."

त्याने मान हलवली. या मुलीशी तो जन्मापासून मराठीत बोलत आला होता आणि ती हिंदीत उत्तर देत आली होती. आज बदलायचं काही कारण नव्हतं.

"घाबरलीस?"

"हां. आप?"

"मी पण."

"वो सब ऊपर डिसाइड कर रहे हैं, पापा. किसी ने आपसे पूछा?"

नरेश बोलायला लागला, सावकाश, एकेक वाक्य धरून. "डिसेंबरातली ती सही. सगळ्यांना वाटतं, मी कागद बघायला विसरलो. तसं नाही. मला सही केल्याचंच आठवत नाही. फाइल समोर आणली, सही माझी, तारीख माझ्या हातची. आणि मी बघतोय, जशी दुसऱ्या कोणाचीतरी असावी. त्या दिवसापासून मी रोज सकाळी आदल्या दिवशीच्या सह्या मोजतो. तुझ्या मम्मीला सांगितलेलं नाही."

अवनीने त्याचा दंड धरला. "तो फिर बंद कर दो ना."

"मग तुझं पुढचं..."

"पापा, प्लीज. मेरे नाम पे मत करो."

तो उठला. जिना चढताना ती मागे होती, पण तिने हात धरला नाही, आणि त्याला ते बरं वाटलं.

गच्चीवर चौघं चार दिशांना तोंड करून उभी होती. नरेश सुनेत्रासमोर गेला.

"उद्यापासून मी सही करणार नाही," तो म्हणाला. "सकाळी कंपनीच्या एमडींना भेटून सगळं सांगतो. रिपोर्टसकट."

"नरेश, आपलं ठरलं होतं."

"हो. ते ठरवलं तेव्हा मला वाटलं होतं, चुकलो तर माझं मला कळेल." तो थांबला. "कळत नाही, सुनेत्रा."

सुनेत्राने तोंडावर हात घेतला. सासूने तिला धरलं. सदाशिवराव, जे इतका वेळ हेच मागत होते, ते आता टाकीचा आधार घेऊन उभे होते.

"आसा," नरेश बहिणीकडे वळला, "तुला काही विचारत नाही. फक्त दुसऱ्या कोणा वकिलाचं नाव दे. आपल्या बाजूने उभा राहील असा."

आसावरीने मोबाइलवरून एक नंबर त्याला वाचून दाखवला आणि तो अवनीने लिहून घेतला. "ओजस्विनी. हायकोर्टात आहे. फक्त नोकरदारांच्या बाजूने लढते. एमडींना भेटायच्या आधी तिला फोन कर, दादा. आधी. आणि राजीनाम्याच्या कागदावर सही करू नकोस, कोणी कितीही गोड बोललं तरी. हे कोणतीही बहीण सांगेल."

"आणि तू?" सुनेत्राने विचारलं. "तू काय करणार?"

"मी काही करू शकत नाही, वहिनी."

"एक ओळसुद्धा नाही?"

"नाही."

सुनेत्राने तिच्याकडे पाहिलं, आणि मग ती पाठ फिरवून जिना उतरून गेली.

*

सोमवारी साडेनऊला आसावरी आपल्या सीनियरच्या केबिनमध्ये उभी होती. श्यामसुंदरजींनी मसुद्याचा प्रिंट पुढ्यात ओढला होता.

"मैं इस मैटर से हटना चाहती हूं, सर. आज से."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ही कंपनी म्हणजे त्यांचं सगळ्यांत मोठं अशील होतं, आणि एप्रिलमध्ये आसावरीला भागीदार करायचं ते याच कामाच्या बळावर.

"वजह?"

"बता नहीं सकती."

तिचा भाऊ कुठे काम करतो हे त्यांना माहीत होतं. ते पुढे काही विचारणार तोच थांबले. "ठीक है. मत बताओ. मुझे भी पता नहीं होना चाहिए." मग पानं उलटत ते असमर्थतेच्या कलमापाशी आले. तिने केलेला बदल लाल अक्षरांत होता. "ये कब लिखा?"

"शुक्रवार को. उससे पहले का भी ड्राफ्ट है. तारीख दिख जाएगी."

"कोई मानेगा?"

"नहीं, सर."

त्यांनी पेन उचललं, लाल शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि बाजूला जुना शब्द परत लिहिला. 'कोणतेही'. "नया आदमी शुरू से देखेगा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "बात तुम्हारी सही थी, बेटा. किसी और साल में आ जाएगी."

ती आपल्या जागेवर आली आणि अकरा वाजेपर्यंत एकही ओळ वाचू शकली नाही. अकराला अवनीचा मेसेज आला: पापा अंदर गए हैं, मैं गेट पे हूं. त्यानंतर पावणेदोन तास काहीच आलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत तिला जे कळत गेलं ते आईकडून, तुकड्यातुकड्यांनी. एमडी चांगलं वागले. सह्या त्या दिवसापासून इंद्रजितकडे गेल्या. चार दिवसांनी मनुष्यबळ विभागाचं पत्र आलं, आणि ते चांगलं नव्हतं: नरेशला कायमचा असमर्थ धरता येत नाही, कारण तो 'कोणतेही काम' करू शकत नाही असं डॉक्टर म्हणत नाहीत, तरी त्याचं पद त्याला सांभाळता येत नसल्याने त्याने सन्मानाने निवृत्त व्हावं. आईने ते फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली तेव्हा आसावरीने तिला मधेच थांबवलं आणि फोन ठेवला. ते दोन शब्द तिचे होते.

फेब्रुवारीभर सुनेत्रा तिच्याशी बोलली नाही. भागीदारीचा विषय ऑफिसात कोणी काढला नाही.

उत्तर ओजस्विनीने दिलं, दोन परिच्छेदांचं. तो कोणतं ना कोणतं काम करू शकतो असं तुम्हीच लिहिता. मग त्याला कोणतंही काम द्या. एकाच माणसाला असमर्थ नाही म्हणून हक्क नाकारायचा आणि असमर्थ आहे म्हणून घरी पाठवायचं, हे दोन्ही एका पत्रात बसत नाही. कंपनीने तीन आठवडे घेतले. मार्चच्या पहिल्या सोमवारपासून नरेश नव्या मुलांना प्रयोगशाळेत हात कसे धुवायचे, नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवायला लागला. सही कशावरच नाही. सकाळी कंपनीची गाडी न्यायची, संध्याकाळी सोडायची. एकतीस मार्चला तो नोकरीत होता.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी सुनेत्रा आसावरीच्या मोहालीच्या फ्लॅटवर आली, न कळवता. चहा घेतला नाही. सोफ्याच्या टोकावर पर्स मांडीवर धरून बसली.

"त्या दिवशी गच्चीवर," ती म्हणाली, "तुला माहीत होतं का, हे असं होईल?"

"नाही. मला वाटलं होतं, सगळं गेलं."

"मग तू एक दिवस थांब म्हणालीस ते कशासाठी?"

आसावरीने खिडकीकडे पाहिलं. "ते सांगता येणार नाही, वहिनी. आजही नाही. कदाचित कधीच नाही."

सुनेत्रा तिच्याकडे बघत राहिली. शाळेत एखादी मुलगी खरं बोलतेय की नाही हे पाहताना बघत असेल, तसं. आसावरीने नजर काढून घेतली नाही.

"त्याला काल माझं नाव आठवायला वेळ लागला," सुनेत्रा म्हणाली. "थोडाच. मग म्हणाला, गंमत केली."

"वहिनी..."

"शुक्रवारी सेक्टर बत्तीसला दाखवायचंय. माझी परीक्षेची ड्यूटी आहे, आणि आईंचे गुडघे हे असे. तू नेशील त्याला?"

"नेईन."

"डॉक्टर बरंच काही सांगतील. ऐकावं लागेल तुला."

"ऐकेन. किती वाजता?"

सुनेत्राने पर्समधून हॉस्पिटलचं कार्ड काढून तिच्या हातात दिलं. "आठला नंबर लावावा लागतो," ती म्हणाली. "साडेसातला ये. नाश्ता आमच्याकडेच कर."